जंगलातली जुनी कामं शिकायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्हा, नवेगावबांधच्या जंगलाला लागून. दर हिवाळ्यात बारा-पंधरा पोट्टे-पोट्टी पाच-सहा दिवस राहायला येतात, गावातल्या जाणत्या माणसांकडून बांबूकाम, दोर वळणं, चुलीवरचं रांधणं, असली कामं शिकतात. याला संस्था वगैरे म्हणू नका, आम्ही चार मित्र आहोत आणि एक बुरड काका (बुरड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारी जात) आहेत ज्यांच्या जिवावर हे सगळं चालते. तेच तेच प्रश्न फोनवर येत राहतात म्हणून एकदाचं लिहून काढलं. आधी हे वाचा, मग फोन करा.

१. हे म्हणजे ते व्हिडिओतलं बुशक्राफ्टच ना?

अर्धं हो, अर्धं नाही. व्हिडिओत एक माणूस एकटाच जंगलात जातो, झोपडी बांधतो, आग पेटवतो, मासा भाजतो आणि म्युझिक वाजते. आमच्याकडं जंगलात एकटं कोणी जात नाही, शहाणा माणूस तर नाहीच नाही (प्रश्न १३ बघा). इथं ही कामं साहस म्हणून कोणी करत नाही, धान ठेवायला ढोली पाहिजे म्हणून ढोली विणतात, बैल बांधायला दोर पाहिजे म्हणून दोर वळतात. तुम्ही तेच शिकता. पाच दिवसांत जंगलात प्रत्यक्ष जाणं दोनदाच होते, बाकी वेळ काकांच्या अंगणात खाली बसून काम. ज्यांना हे बोअर वाटेल त्यांनी आधीच सांगावं, वाईट वाटणार नाही.

२. मी पुण्यात वाढलो, हाताला कामाची सवय नाही. जमेल का?

जमेल. हाताची सवय दोन दिवसांत लागते. त्रास होतो तो कमरेला आणि गुडघ्याला, कारण खुर्ची नाही. काका सत्तरीला आलेत आणि उकिडवे बसून चार तास काम करतात, आपल्याला वीस मिनिटांत मुंग्या येतात. यायच्या आधी पंधरा दिवस घरी जेवायला खाली मांडी घालून बसा, तेवढी एकच तयारी सांगतो. नागपूरची एक ताई आली होती, फिजिओथेरपिस्ट, ती म्हणाली की हे काका चालतंबोलतं पुस्तक आहे.

३. कोणत्या महिन्यात येऊ? मला उन्हाळ्याच्या सुट्टीतच वेळ आहे.

जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य, बस. कारण सांगतो. पावसाळ्यात रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवीन कोंब निघत असतात, तेव्हा बांबू तोडत नाहीत, आणि धानाची रोवणी (लावणी) चालू असते म्हणजे गावात रिकामं कोणीच नसते. दिवाळीनंतर धान कापणी आणि मळणी. त्यातच भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि झाडीपट्टीची (आमच्या पूर्व विदर्भाची) नाटकं, वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. काका नाटकाचे इतके शौकीन की रात्रभर तिकडं आणि सकाळी शिकवायला बसले की पेंगतात, एकदा हातात कोयता घेऊनच डुलकी लागली तेव्हापासून आम्ही मंडईच्या दिवसांत कोणाला बोलवत नाही. मार्चच्या मध्यापासून मोह पडतो, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. तेंदूचे ते दहा-पंधरा दिवस म्हणजे गावाची वर्षाची रोकड असते, सत्तर पानांचा एक पुडा आणि असे हजार पुडे म्हणजे एक गोणी, पहाटे तीनला उठून लोक जातात आणि दुपारी घरी बसून पुडे बांधतात. त्यात पाहुण्यांनी "आम्हालाही दाखवा ना" करत मध्ये मध्ये येऊ नये, एवढंच म्हणतो.

उन्हाळ्यातच वेळ असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमटेंनी १९६७ साली सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते, मे महिन्यात. ते वेगळं आहे, बांबूकामाचं शिबिर नाही ते, पण घाम गाळायचाच असेल तर तिकडं जा.

४. सोबत काय आणू? चाकू कोणता घेऊ, ऑनलाइन एक भारी बघून ठेवलाय.

तो भारी चाकू घरीच राहू द्या. बांबू चिरायला काकांकडं लोहाराकडून घडवलेले कोयते आहेत, पातं जाड, धार एकाच बाजूनं घासलेली. तुमच्या स्टीलच्या चाकूची दोन बाजूंची धार कामटीत (बांबूच्या चिरलेल्या पट्टीत) घुसली की अडकून बसते आणि मग लोक जोर लावतात आणि तिथंच बोट जाते. कुऱ्हाड तर आणूच नका, ती आणून तुम्ही फॉरेस्टच्या नाक्यावर उत्तरं देत बसाल.

आणायचं ते असं: पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, बूट, स्वेटर आणि चांगलं जाड पांघरूण (गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली आहे, जानेवारीत अंगणात शेकोटीशिवाय बसता येत नाही), टॉर्च, मच्छरदाणी. मच्छरदाणी विसरलात तर परत पाठवू, या पट्ट्यात मलेरिया आहे. बोटांना गुंडाळायला जुन्या धोतराची किंवा साडीची चिंधी. ग्लोव्हज नको, त्यानं कामटीची जाडी बोटाला कळत नाही.

५. पहिल्याच दिवशी टोपली बनवून होईल का? मला रील टाकायचीय.

नाही. पहिले दोन दिवस फक्त बांबू फोडायचा आणि कामट्या काढायच्या. यावरून दर वर्षी कोणीतरी रुसते.

खरं काम तेच आहे, विणणं नंतरचं. काका बांबू शेंड्याकडून फोडायला घेतात, बुडाकडून नाही. कोयता टेकवला, वरून लाकडाच्या ठोकळ्यानं एक हलका ठोका, टच् आवाज, आणि मग कोयता फक्त पाचरीसारखा ठेवून हातानं दोन बाजू फाकवत न्यायचं, बांबू आपोआप फाटत जातो. अर्ध्याचे परत अर्धे, त्यांचे परत अर्धे. इथपर्यंत सगळ्यांना येते. पुढं कामटीची पाठ आणि पोट वेगळं करायचं असते, पाठ म्हणजे वरची हिरवी चिवट साल आणि पोट म्हणजे आतला पांढरा नरम भाग. एका पातळ कामटीच्या दोन आणखी पातळ कामट्या करायच्या, जाडी सगळीकडं सारखी ठेवून. इथं सगळ्यांचं बिघडते. फाटत जाताना चीर एका बाजूला सरकते, एक बाजू पातळ होत होत शेवटी तुटते. नवीन माणूस काय करतो, पातळ बाजू वाचवायला तिलाच ओढतो. करायचं उलटं असते, जी बाजू जाड राहिली तिला जास्त वाकवायचं, म्हणजे चीर हळूहळू तिच्याकडं सरकते आणि परत मधोमध येते. हे मी आता दोन ओळीत लिहिलं, पण बोटांना कळायला मला एक हिवाळा लागला. काका कामटीकडं बघत पण नाहीत, बाजूच्या माणसाशी धानाच्या भावाचं बोलत असतात आणि अंगठ्याला कळते. "डोया कायले लावतं, आंग्ठ्याले इचार," असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी विणायला बसलात की एक गंमत लक्षात ठेवा. एकच कामटी गोल गोल फिरवत विणायची असेल तर उभ्या कामट्या विषम पाहिजेत, सतरा, एकोणीस, एकवीस. सम घेतल्या तर दुसऱ्या फेरीला कामटी परत त्याच कामटीवरून जाते आणि वीण पडतच नाही. काका हे मुद्दाम सांगत नाहीत. अर्धा तास डोकं खाजवू देतात आणि चहा पीत बसतात.

६. चांगला बांबू ओळखायचा कसा?

आमच्याकडं दोन मुख्य: मानवेल आणि कटांग. मानवेल बारीक, भरीव किंवा जाड भिंतीचा, आमच्या जंगलात जास्त हाच. कटांग जाड, पोकळ, काटेरी, बहुतेक नाल्याकाठी.

बांबू हे झाड नाही, गवत आहे. कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, नंतर तो उंच किंवा जाड होत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. म्हणून उंची बघून वय कळत नाही. यंदाच्या बांबूवर पेरांना खपल्यासारखी आवरणं चिकटलेली असतात आणि पांढरी भुकटी, त्याला हात लावायचा नाही, तो रांजीचं पुढचं वर्ष आहे. टोपली-सुपाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, हिरवा आणि लवचिक. माच, शिडी, मांडवाला तीन वर्षांच्या वरचा, तो पिवळट होत जातो, अंगावर डाग धरतो आणि बोटानं वाजवला की टणक वाजतो. नवीन कोंब रांजीच्या कडेला येतात आणि जुने बांबू मध्ये असतात, त्यामुळं बाहेरून सोपं पडते म्हणून कडेचेच तोडत बसलं की रांजी आतून गुदमरते. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वर तोडायचा, नाहीतर उरलेल्या खुंटात पावसाचं पाणी साचून ते कुजते.

अपवाद: रांजीला फुलोरा आलेला असेल तर हे नियम सोडा. मानवेलाला कित्येक दशकांतून एकदा एकदम सगळीकडं फुलोरा येतो, बी पडते आणि रांजी मरते. म्हातारी माणसं सांगतात की ते बी तांदळासारखं शिजवून खायचे.

७. मागच्या वर्षी केलेल्या टोपलीतून आता पिवळा भुसा पडून राहिला. काय चुकलं?

घुण लागली. बांबूत स्टार्च असतो, किड्याला तोच पाहिजे असतो. चूक बहुतेक आमचीच, घाईत ताज्या बांबूच्या टोपल्या घरी नेऊ दिल्या. माझं स्वतःचं पहिलं सूप असंच गेलं, भिंतीवर कौतुकानं लावलं होतं आणि सहा महिन्यांनी खाली रांगोळी पडायला लागली.

उपाय: तोडलेला बांबू नाल्याच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा, साखर आणि स्टार्च निघून जातो. वास येतो त्याचा, घाबरू नका. जुन्या घरात सूप-टोपले चुलीच्या वर टांगायचे, धुरानं काळे पडायचे आणि वर्षानुवर्षं टिकायचे, ते उगीच नव्हतं. फर्निचरला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात, पण धान्य, पीठ किंवा भाकरी ज्यात ठेवायची त्याला हे औषध लावू नका. आता घुण लागलीच आहे तर टोपली कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवा, झटका, आणि बाकीच्या बांबूच्या सामानापासून दूर ठेवा. नाहीच थांबलं तर चुलीत घाला, परत या, दुसरी करू.

८. जंगलातून बांबू तोडला तर फॉरेस्टवाले पकडतील ना?

तुम्ही स्वतः जाऊन तोडला तर पकडतील आणि बरोबरच करतील. नीट समजून घ्या, यात बरेच लोक गोंधळतात.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, आणि त्यात बांबू येतो, जंगलात राहणाऱ्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी लोकांचा हक्क मानला. गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना माहीत आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं. त्यांना २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक पास कोणी द्यायचा यावरून अडलं आणि २०११ मध्ये तो पास द्यायचा अधिकार ग्रामसभेकडं आला. तिथून विदर्भातल्या बऱ्याच गावांना वाट मिळाली. पण हा हक्क गावाचा आहे, पाहुण्याचा नाही. आमच्याकडं जो बांबू येतो तो ग्रामसभेनं ठरवल्याप्रमाणं गावच्या माणसानं तोडलेला असतो, आम्ही पैसे देऊन घेतो. नॅशनल पार्क आणि अभयारण्याच्या आतून तर वाळलेली काडी पण उचलायची नाही.

९. आणि आमच्या शेताच्या बांधावर आजोबांनी लावलेला बांबू आहे, तो?

तो तुमचा. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, त्यामुळं जंगलाबाहेरच्या, म्हणजे शेतातल्या बांबूला तोडायची परवानगी लागत नाही. तरी ट्रॅक्टरभर न्यायचा असेल तर सातबारा आणि सरपंचाचा दाखला खिशात ठेवा. कायदा बदलला म्हणून नाक्यावरच्या माणसाला तो कळलाच असेल असं नाही, आणि रात्री दहा वाजता वाद घालून काय मिळते. तोडायचं कसं ते प्रश्न ६ मध्ये.

१०. काडीपेटीशिवाय आग पेटवायला शिकवता का?

शिकवतो, आणि सगळ्यात जास्त लोक यासाठीच येतात हे पण माहीत आहे. चकमकीनं शिकवतो: पोलादाचा तुकडा, गारगोटी, आणि काटेसावरीचा कापूस. सावरीची बोंडं एप्रिलच्या आसपास फुटतात तेव्हाचा कापूस आम्ही जमवून ठेवतो, थोडा जाळून काळा केला की ठिणगी लगेच धरतो. नळीत कापूस, वर गारगोटी, पोलादाचा एक तिरपा फटका. गावातले म्हातारे बिडी यावरच पेटवायचे.

बांबूवर बांबू घासून पण पेटते, वाळलेल्या अर्ध्या बांबूला खाच पाडायची, खाली बांबूचाच बारीक भुसा. मी आयुष्यात चारदा पेटवलं आहे आणि प्रयत्न केले असतील पन्नास. दमट हवेत तर विसरा.

हे सगळं अंगणात, मातीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून. जंगलात नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तर अंगणात पण बंद, तेव्हा पानगळ झालेली असते, एक ठिणगी आणि दोन-तीन दिवस गाव वणवा विझवत फिरते.

११. दोर कशाचा वळता?

शेतातली अंबाडी सगळ्यात सोपी. काड्या पाण्यात कुजवायच्या, साल सोलून धुवायची, धागा निघतो. पळसाच्या मुळ्या खणून, ठेचून जो धागा काढतात त्याला वाक म्हणतात, तो पाण्यात लवकर सडत नाही. माहूल वेलाच्या सालीचा पण होतो, पण वेल सोलला की मरतो म्हणून आम्ही तो फक्त दाखवतो. माहुलाच्या आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी मात्र टाचतो, रोजचं जेवण त्यावरच.

वळायची युक्ती एवढीच की दोन पेड घ्यायचे, दोन्ही मांडीवर एकाच दिशेला पिळायचे आणि मग एकमेकांवर उलट्या दिशेला गुंडाळायचे. दोन्ही पिळ एकमेकांना सुटू देत नाहीत. नवीन धागा जोडायचा तो दोन्ही पेडांत एकाच जागी नाही, मागेपुढे. मुलांनो, फुल पँट घालूनच बसा, मांडीवरचे केस दोरात जातात, हा अनुभव आहे.

१२. मोहफुलं वेचायला येऊ का? आणि... ते पण बनवता का?

तीन टिंबं टाकून विचारणाऱ्यांना: नाही, बनवत नाही. बाजूचा गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे, आमचा नाही, पण परवान्याशिवाय गाळणं गुन्हाच आहे आणि यावरून गावातल्या बायांनी किती भोगलं ते आम्ही बघितलं आहे.

वेचायला मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन जण येऊ शकता, ग्रुप नाही. मोह रात्री-पहाटे पडतो, उजाडायच्या सुमारास वेचतात. झाडं कोणती कोणाची ते घरागणिक ठरलेलं असते, आजीच्या झाडाखाली वेचलं तर ते आजीच्या टोपल्यात. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची पद्धत आहे आणि वणवे लागायचं ते एक मोठं कारण, म्हणून आता आम्ही खराट्यानं झाडतो किंवा जुन्या साड्या अंथरतो. फुलं चार-पाच दिवस वाळवली की मनुक्यासारखी होतात. ती भाजून तिळासोबत कुटून लाडू करतात, खाऊन बघा, मग त्या तीन टिंबांची आठवण येणार नाही.

१३. वाघ? साप? आई पाठवत नाही.

आईला हे वाचायला द्या.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे इथं, वाघ, बिबट, अस्वल सगळे आहेत. विदर्भात वाघाच्या हल्ल्यात सापडतात ते जास्त करून मोह, तेंदू, सरपण गोळा करणारे लोक, एकटे, वाकलेले किंवा बसलेले. म्हणून जंगलात गेलो की पाच-सहा जण, गप्पा मारत, एक जण उभा राहून फक्त बघणार, उजाडल्यावर जायचं आणि ऊन कलायच्या आत परत. रेडिओ पण चालतो. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, नंबर सेव्ह करा.

सापाचं जास्त मनावर घ्या. मण्यार रात्री घरात शिरते आणि खाली झोपलेल्याला चावते, दुखत पण नाही फार. त्यामुळं खाटेवर झोपायचं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची (मच्छरदाणी विसरणाऱ्यांसाठी प्रश्न ४). चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, हातपाय न हलवता १०८ किंवा गावातली गाडी आणि सरळ दवाखाना. आमच्या वडिलांच्या काळात आधी मांत्रिकाकडं न्यायचे, त्यात वेळ जायचा.

१४. रानभाज्या आणि मशरूम खायला मिळतील का?

जानेवारीत रानभाज्या नसतात. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, हे सगळं पावसाळ्याचं. वाळवलेले वास्ते मात्र मिळतील. ताजे वास्ते कच्चे खायचे नसतात, त्यात विषारी अंश असतो, कापून भिजवून उकळून पाणी फेकायचं.

सात्या, म्हणजे वारुळावर येणारी अळंबी, ही इकडं मटणापेक्षा भारी मानतात. पण त्याचे फोटो पाठवून "हे खाऊ का" असं विचारू नका, आम्ही उत्तर देणार नाही. चांदीचं नाणं काळं पडते की नाही, लसूण टाकून रंग बदलते की नाही, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. आजी खणून बघते की दांडा खाली वारुळात जातो का, आणि तरी दहातली दोन फेकते, का फेकली ते सांगता येत नाही तिला. म्हणते, "मले नाही बरी वाटली."

१५. फासे लावणं, गुलेर, शिकार, असं काही?

नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा, घोरपड, तितर, रानडुक्कर सगळे येतात. काकांना फासे येतात का हे काकांना विचारू नका.

१६. हे बुरडांचं काम आहे. आम्ही शिकून त्यांच्या पोटावर पाय तर देत नाही ना?

हा प्रश्न विचारणारे कमी, पण विचारतात तेव्हा बरं वाटते. पाच दिवसांत तुम्ही जी टोपली करता ती बघून काकांना स्पर्धेची भीती वाटत नाही, हसू येते. पोटावर पाय दिला तो प्लास्टिकच्या टोपल्यांनी आणि हिरवा बांबू वेळेवर न मिळाल्यानं. आता सूप दिवाळीला आणि लग्नातल्या झालीला लागते तेवढंच, बाकी आठवडी बाजारात दिवसभर बसून तीन-चार नग जातात.

पण एक गोष्ट आहे. बुरडकामाला गावानं कधी मान दिला नाही, काकांचा मुलगा नागपूरला सिक्युरिटीत आहे आणि त्याला गावात सूप विणताना दिसायचं नाही, तो काहून असं म्हणतो ते मला कळते. आणि इंजिनिअरिंगची पोरं येऊन तेच काम करतात आणि त्यांचे फोटो निघतात. मला याचं उत्तर नाही, तो म्हणतो "तुमाले छंद, आमाले जात." म्हणून आम्ही एवढं करतो की काकांना रोजी नाही, शिकवायची फी देतो, आधी देतो, आणि फोटोवर "मी बनवली" लिहायचं असेल तर कोणाकडून शिकलो ते पण लिहा, त्यांना विचारून. एकदा एका कॉलेजच्या ग्रुपनं काकांच्याच हातचे तीन टोपले स्वतःचे म्हणून प्रदर्शनात मांडले होते, तेव्हापासून हा नियम आहे.

१७. खर्च किती? सर्टिफिकेट मिळते का?

खर्च दर वर्षी बदलतो, फोनवर सांगू. काकांची फी, जेवण, बांबूचे ग्रामसभेला द्यायचे पैसे, यात सगळं येते. गावातल्या आणि आजूबाजूच्या पोरांना फुकट.

सर्टिफिकेट नाही. पाहिजे असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मेळघाटात धारणी तालुक्यात लवादा गावचं संपूर्ण बांबू केंद्र जुनं आणि नावाजलेलं, कोरकू कारागीर तिथं तयार झाले. वर्ध्याला ग्रामोद्योगाचं सगळं मूळच आहे, मगन संग्रहालय १९३८ पासून, जाता येता नक्की बघा.

१८. यातून पोट भरेल का? नोकरी सोडायचा विचार चालू आहे.

सोडू नका. निदान आमच्याकडून पाच दिवस शिकून तरी सोडू नका.

१९. गोटुलमध्ये राहायला मिळेल का?

गोटुल गडचिरोलीकडं, गोंड-माडिया गावांत. ते गावाचं बसायचं, ठरवायचं, तरुण पोरापोरींनी शिकायचं ठिकाण आहे, लॉज नाही. इंटरनेटवर त्याबद्दल जे चावट वाचलं ते डोक्यातून काढा. आमच्याकडं तुम्ही कवेलूच्या (कौलारू) घरात राहाल, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, सारवण्याची पाळी तुमची पण येते.

२०. मुली एकट्या येऊ शकतात का?

येतात, मागच्या दोन वर्षांत मुलीच जास्त होत्या. वेगळी खोली आहे, संडास पक्का आहे, आजी त्याच घरात झोपते आणि तिची झोप फार हलकी आहे. गोंदिया-बल्लारशा गाडीनं अर्जुनीला उतरा, दिवसा पोचेल अशीच गाडी पकडा, घ्यायला येतो.

२१. मी डावखुरा आहे. कोयत्याची धार एका बाजूनं असते म्हणता, मग?

चांगला प्रश्न, पहिल्या वर्षी आम्हाला सुचलाच नव्हता आणि एक पोरगा दोन दिवस उलट्या धारेशी झगडत बसला, कामटी सारखी बाहेरच्या बाजूला पळायची आणि सगळे म्हणायचे तुझाच हात वाकडा. शेवटी काकांनी कोयता हातात घेऊन बघितला आणि कपाळावर हात मारला. आता लोहाराकडून दुसऱ्या बाजूनं घासलेले दोन कोयते करून घेतलेत. बसायचं मात्र काकांच्या शेजारी नाही, समोर, म्हणजे ते उजव्या हातानं करतात ते तुम्हाला आरशासारखं दिसते आणि तसंच करत जायचं. येण्याआधी फक्त सांगा, दोनच कोयते आहेत.